टाकीखालचं आग्या मोहोळ : एका हंगामाच्या नोंदी

ठिकाण : राजापूर तालुका, नाटे गावाच्या अलीकडचा सडा (कातळाचं पठार). हापूसची १४० कलमं, खाली पऱ्याच्या (ओढ्याच्या) कडेला माड-पोफळीचं आगर, मध्ये घर. घराच्या वर, सड्याच्या धारेला वडिलांनी १९९४ साली बांधलेली सिमेंटची टाकी, १०,००० लिटरची, चार कॉलमवर. स्लॅबचा तळ जमिनीपासून १८ फूट. घराला, आगराला आणि नव्या कलमांना पाणी इथूनच.

३ डिसेंबर २०२३

सकाळी व्हॉल्व्ह फिरवायला गेलो आणि डोक्यावर घोंघावणं ऐकू आलं. वर पाहिलं तर स्लॅबच्या तळाला काळसर तपकिरी झालर. सव्वा हात रुंद, अर्धवर्तुळाकार. आधी वाटलं कोणीतरी पोतं अडकवलंय. मग त्या पोत्यावरून चमक सरकली. आग्या!

व्हॉल्व्ह न फिरवता, हात अंगाशी धरून मागे मागे आलो. दिवसभर नळ कोरडे.

अडचण लिहून ठेवतो. एक, बाहेर जाणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह नेमका मोहोळाखाली, कॉलमच्या पायथ्याशी आहे. दिवसातून दोनदा तो फिरवावा लागतो. दोन, टाकीच्या पोटाशी लागून पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) वर जाते. वरच्या वाडीतली अकरा मुलं त्या पाखाडीने शाळेत जातात. तीन, शिमग्यात पालखी याच वाटेने चढते.

५ डिसेंबर

दोन दिवसांत सल्ले भरपूर मिळाले. बहुतेकांचं म्हणणं एकच, रात्री चूड पेटवून जाळून टाका. लहानपणी मी ते पाहिलेलं आहे. लांब काठीला पेंढा नि झाप बांधून पेटवायचं आणि मोहोळाखाली धरायचं. पंख जळालेल्या माश्या ठिणग्यांसारख्या खाली पडायच्या आणि जमिनीवर सरपटत राहायच्या. सकाळी अनवाणी पाय पडला तर मेलेल्या माशीचाही काटा टोचायचा.

जाळायचं नाही, हे मी ठरवलंय. दयामायेचा भाग आहेच, पण साधा हिशेबही आहे. सड्यावरचं गवत आता पूर्ण वाळलंय. टाकीपासून पन्नास पावलांवर काकांची काजूची बाग. एक ठिणगी उडाली तर वणवा मार्चची वाट पाहणार नाही.

शहरातून कीटकनाशक मारायला येणाऱ्या एका माणसाशी फोनवर बोललो. तो म्हणाला, पंधरा मिनिटांचं काम. मी विचारलं, वर पिण्याच्या पाण्याची टाकी आहे, झाकण जुनं आहे, फवारा वर उडाला तर? त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय विष लागलेलं पोळं खाली पडलं आणि कुणी त्यातला मध चाखला तर काय, हा विचारही त्याने केलेला नव्हता. त्याला नको म्हणून कळवलं.

९ डिसेंबर

गावात 'मधमाशी' या एका शब्दात तीन-चार प्राणी कोंबले जातात, म्हणून आईसाठी आणि मुलांसाठी फरक लिहितोय.

सातेरी ही अंधारात राहणारी. झाडाची ढोली, चिऱ्याच्या भिंतीतली भेग, वारूळ. एकाशेजारी एक अशी अनेक पोळी करते म्हणून सातेरी किंवा सातपुडी. पेटीत पाळता येते ती हीच. आमच्या जुन्या गोठ्याच्या भिंतीत हिची वसाहत मी शाळेत असल्यापासून आहे आणि गुरं बांधणाऱ्यांना तिने कधी त्रास दिलेला नाही. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, ते याच माशीच्या पेट्यांवर.

फुलोरी या तिघींत लहान. झुडपाच्या काटकीला तळहाताएवढं एकच पोळं. करवंदीच्या जाळीत सापडते.

आणि ही आग्या. आकाराने या तिघींत मोठी. उघड्यावर, उंचावर, एकच पोळं, त्यावर माश्यांचेच अनेक थर, एकमेकींना धरून. भिंत नाही, ढोली नाही, झाकण नाही. हजारो माश्यांची अंगं हेच पिल्लांवरचं छप्पर. म्हणून तिला लपून बसणं परवडत नाही, आणि म्हणूनच ती जमावाने तुटून पडते. हे एकदा कळल्यावर तिचा राग मला समजला. ती पेटीत राहत नाही, तेव्हा 'पेटीत घालून दुसरीकडे ने' हा सल्लाही बाद.

१७ डिसेंबर

गडग्याआडून (चिऱ्यांच्या बांधाआडून) दुर्बिणीने तासभर पाहिलं. वेडे राघू तारेवर बसून ये-जा करणाऱ्या माश्या टिपत होते, त्याची मोहोळाला फिकीर नव्हती. पण एक मोठी गांधीलमाशी पोळ्यासमोर येऊन तरंगायला लागली तेव्हा माश्यांनी एकामागोमाग शेपट्या वर उचलल्या. एका ठिकाणाहून सुरू झालेली लाट पाण्यात खडा टाकल्यासारखी पोळ्यावर पसरत गेली. पुन्हा, पुन्हा. गांधीलमाशी बाजूला झाली. एकीनेही जागा सोडली नव्हती.

यातून आमच्यासाठी एक खूण मिळाली. लाटा उठत असतील तर मोहोळ सावध आहे, पुढे जायचं नाही.

पोळ्याच्या खालच्या टोकाला एका बाजूस माश्या सैल आहेत आणि सारखी ये-जा आहे. ते त्यांचं दार. ते पाखाडीच्या उलट बाजूला, समुद्राकडे आहे, हे आमचं नशीब.

२७ डिसेंबर

काल दत्तजयंती. पौर्णिमेचं चांदणं लख्ख होतं. रात्री साडेआठला पडवीतल्या ट्यूबलाइटखाली सात-आठ आग्या माश्या आपटत होत्या. आई घाबरली. आग्या चांदण्या रात्रीही फुलांवर जाते, आणि घरातला दिवा दिसला की त्याकडे ओढली जाते. पडवीची ट्यूब काढली, पिवळा मंद बल्ब लावला, तोही जेवणं झाली की बंद. टाकीजवळच्या खांबावरच्या दिव्याची फ्यूज काढून ठेवली.

६ जानेवारी २०२४

आजवर काम कसं चाललंय ते लिहायचं राहिलं. भल्या पहाटे अंधारात मी एकटा जाऊन व्हॉल्व्ह अर्धा उघडतो आणि तसाच ठेवतो. टाकी रिकामी होईपर्यंत आगरात पाणी वाहतं, घराला पिंपांत भरून ठेवावं लागतं. आई आता ७१ वर्षांची आहे, पिंपातून कळशा उचलायला लावणं बरोबर नाही. शिवाय पाणी फुकट जातंय.

उपाय एकच दिसतो. मोहोळ हलत नसेल तर व्हॉल्व्ह हलवू.

१० ते १३ जानेवारी

बाहेर जाणारा पाइप कॉलमला धरून खाली उतरतो, जमिनीत शिरतो आणि घराकडे येतो. गडग्याच्या अलीकडे, टाकीपासून ६५ फुटांवर, वडिलांनी एक सांधा ठेवलेला मला आठवत होता. तिथे पहारीने हळूहळू खणलं. कातळ पहारीखाली वाजू नये म्हणून वरची माती कोयतीने नि हाताने काढली. दीड फुटावर पाइप लागला.

पुढची अडचण अशी की नवा व्हॉल्व्ह बसवायला पाइप कापायचा, तर आधी जुना व्हॉल्व्ह पूर्ण बंद हवा. आणि नवा बसला की जुना कायमचा पूर्ण उघडा. म्हणजे मोहोळाखाली दोन फेऱ्या.

११ तारखेची अमावास्या मुद्दाम निवडली. पहाटे चार. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद दुहेरी गुंडाळला, कारण मधमाशीला लाल रंग दिसत नाही. अंगात वडिलांचा फिकट रंगाचा जाड रेनकोट, हातमोजे, टोपीवर मच्छरदाणीची जाळी शिवून घेतलेली. जाळी नाकाला चिकटू नये म्हणून टोपीच्या काठाला तार. आदल्या दिवशी साबण, तेल काही लावलं नाही. श्वास शक्यतो नाकाने, खाली मान घालून. आपल्या उच्छ्वासानेच माशी तोंडाकडे येते.

व्हॉल्व्ह जाम होता. पान्याने फिरवला असता तर पाइप थरथरला असता, आणि पाइप कॉलमला क्लॅम्पने बांधलेला आहे. म्हणून आदल्या रात्री त्यावर खोबरेल तेलाची धार सोडून आलो होतो. हाताने, दम धरून, पाव-पाव फेरा. वर एकदा मोठा उसासा टाकल्यासारखा आवाज झाला, सगळं मोहोळ एकदम श्वास घेतंय असा. मी हात तसाच ठेवून थांबलो. आवाज विरला. बंद झाला व्हॉल्व्ह.

दिवसा पाइप कापला, सव्वा इंची नवा बॉल व्हॉल्व्ह बसवला, सांध्यांना सोल्यूशन लावलं. त्याचा वास उग्र असतो म्हणून ते काम सकाळच्या मतलई वाऱ्यात उरकलं, वास समुद्राकडे गेला. १२ला पहाटे जुना व्हॉल्व्ह पूर्ण उघडून आलो. १३ला सकाळी आईने घराजवळच्या नव्या व्हॉल्व्हवर हात ठेवला आणि न्हाणीघरात पाणी आलं.

खर्च : व्हॉल्व्ह, दोन कपलिंग, सोल्यूशनची छोटी डबी. हजार रुपयांच्या आत. मोहोळ मारायला याहून जास्त गेले असते.

२२ जानेवारी

वाळत घातलेल्या धुण्यावर पिवळे थेंब. साडीवर, चादरीवर, अंगणातल्या गाडीच्या काचेवर, सोलरच्या तावदानावर. आईला वाटलं कोणी हळदीचं पाणी शिंपडलं. ही माश्यांची विष्ठा. आग्याच्या माश्या घोळक्याने उडून उंचावरून ती टाकतात, त्यात परागकणांची टरफलं असतात म्हणून रंग पिवळा.

या थेंबांनी एकेकाळी जगात खळबळ उडवली होती. १९८१ साली अमेरिकेने आरोप केला की आग्नेय आशियात विमानांतून विषारी 'पिवळा पाऊस' पाडला जातोय. पुढे हार्वर्डचे मॅथ्यू मेसेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते डाग तपासले, त्यात पराग सापडले. माश्यांच्या विष्ठेचाच तो पाऊस, असं त्यांनी दाखवून दिलं. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग डाग जातो का ते सांग." थंड पाण्यात भिजवून लगेच धुतला तर जातो, वाळला की चिवट.

धुण्याची दोरी घराच्या मागे नेली.

६ फेब्रुवारी

आजची नोंद लिहिताना हात सुजलेला आहे.

आंब्यावरच्या तुडतुड्यासाठी (मोहोराचा रस शोषणारी कीड) तिसरी फवारणी होती. फवारणीवाले सकाळी सातला यायचे ते साडेदहाला आले. त्यांना मी टाकी दाखवली, फवारणीचा एचटीपी पंप शंभर फूट लांब ठेवायला लावला, जवळच्या दोन ओळी सोडायला सांगितल्या. शंभर फूट पुरतील असं मी गृहीत धरलं. ही माझी चूक.

वाऱ्याचा विचार मी केला नाही. सकाळी आमच्याकडे वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो. साडेअकराच्या सुमारास तो फिरतो आणि समुद्राकडून सड्यावर येतो. बाग टाकीच्या पश्चिमेला. वारा फिरला तसा पंपाचा धूर आणि औषधाचा फवारा सरळ मोहोळावर गेला. मी गडग्याजवळ होतो. पोळ्यावर लाटा नव्हत्या, त्याऐवजी खालची कड सुटून लोंबायला लागली. मी ओरडलो, पण पंपाच्या आवाजात ऐकू गेलं नाही.

नळी धरलेला मुलगा बावीस वर्षांचा. पहिली माशी डोक्यावर बसली तेव्हा त्याने हात झाडले. मग अंगावर काळा ढगच. तो विहिरीकडे धावायला लागला. मी आडवा जाऊन त्याचा शर्ट धरला आणि मांगराकडे (बागेतल्या खोलीकडे) ओढला. पाण्यात उडी मारून सुटका नाही. माश्या वर घिरट्या घालत थांबतात, डोकं वर काढलं की चावतात, आणि आमची विहीर चाळीस फूट खोल आहे. पळायचं ते सरळ रेषेत, तोंडावर कापड धरून, बंद होणाऱ्या दाराकडे.

मांगरात शिरून दार लावलं. आत आलेल्या पंधरा-वीस माश्या मारल्या. खोलीभर पिकलेल्या केळ्यासारखा वास सुटला होता. डंख मारलेल्या जागी हा वास राहतो आणि तोच बाकीच्यांना 'इथे मारा' म्हणून बोलावतो. म्हणून एकदा चावली की त्या जागेवरून निघून जाणं महत्त्वाचं.

काटे काढायला चिमटा शोधत बसलो नाही. काट्यामागची विषाची पिशवी माशी उडून गेल्यावरही आत विष ढकलत राहते, सेकंदासेकंदाने जास्त. नखाने खरवडून, जसे हाताला लागतील तसे काढले. त्याचे ३४ मोजले, माझे सहा. त्याच्या ओठाला सूज चढली आणि अंगावर गांधी उठल्या, तसा १०८ला फोन लावला. रुग्णवाहिकेला सड्यावरची वाट सांगण्यात वेळ जाईल म्हणून आम्ही दोघं गाडीने निघालो आणि ती मुख्य रस्त्यावर भेटली.

८ फेब्रुवारी

मुलगा घरी आला, बरा आहे. ॲड्रिनलिनचं इंजेक्शन आणि सलाइन देऊन त्याला दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहितोय. ज्याला ॲलर्जी आहे त्याला एक डंखही जिवावर बेतू शकतो. धाप लागणं, आवाज बसणं, ओठ-जीभ सुजणं, चक्कर, उलटी, यातलं काही झालं की घरगुती उपाय करत बसू नका. आणि ज्याला ॲलर्जी नाही, पण डंख खूप आहेत, त्याला दोन-तीन दिवसांनीही मूत्रपिंडाचा त्रास होऊ शकतो. लघवी चहासारखी गडद झाली, कमी झाली, तर लगेच या.

त्याच्या दवाखान्याचा आणि बुडालेल्या रोजाचा खर्च मी दिला. त्याची आई काही बोलली नाही, फक्त त्याच्या मानेवरचे डाग मला दाखवले. मी त्यांच्या घरात बसून राहिलो.

नवे नियम. मोहोळ असेपर्यंत टाकीच्या बाजूच्या चार ओळींत, म्हणजे २२ कलमांवर, फवारणी नाही. त्या ओळींतलं तुडतुड्याचं नुकसान धरून चालायचं. बाकीच्या बागेत मोहोर उमललेला असताना औषध नाही. इमिडाक्लोप्रिड, थायोमिथोक्झाम ही औषधं मधमाश्यांनाही मारतात, फक्त तुडतुड्यांना नाही. आंब्याच्या मोहोरावर साध्या माश्यांची वर्दळ जास्त असते हे खरं, पण तेच औषध त्यांनाही लागतं, आणि मग फळ धरलं नाही म्हणून आपण हवेला दोष देतो.

१९ फेब्रुवारी

शाळेत जाऊन आलो. गुरुजींनी मला अर्धा तास दिला. पाचवीतल्या एकाच्या दप्तरात बेचकी होती, ती त्याने स्वतःहून माझ्याकडे दिली. मुलांनी विचारलेल्या प्रश्नांतला सगळ्यात चांगला असा, "चावल्यावर माशीचं काय होतं?" मी सांगितलं की तिचा काटा आकड्यासारखा असतो, तो आपल्या कातड्यात अडकतो, तिच्या पोटाचा तुकडा तुटून राहतो आणि ती मरते. वर्ग शांत झाला.

मुलांसाठी दुसरी वाट काढली आहे. आमच्या गोठ्यामागून, सातेरीच्या भिंतीजवळून. गडग्याचे चार चिरे काढून वाट मोकळी केली. पाखाडीच्या दोन्ही टोकांना बांबू आडवा बांधला.

२ मार्च

सकाळी नऊला एक मोठा शिकारी पक्षी, मधुबाज, दोन घिरट्या घालून थेट पोळ्यावर आदळला. पंजात पोळ्याचा तुकडा घेऊन तो किंजळीवर जाऊन बसला आणि अळ्या खायला लागला. त्याच्या तोंडावरची पिसं खवल्यांसारखी दाट असतात, माश्यांचं त्याच्यापुढे फार चालत नाही. पण चिडलेल्या माश्या खाली जे सापडेल त्यावर जातात. बांधलेला बांबू कोणी ओलांडला नव्हता, म्हणून काही झालं नाही. आम्ही दारं-खिडक्या लावून दोन तास घरात. राखणदाराचा कुत्रा चावून घेऊन आला, थंड पाण्याचं फडकं ठेवलं.

आमचा राखणदार नेपाळचा, अन्नपूर्णेच्या बाजूचा. तो म्हणाला, त्याच्या गावातले लोक कड्यावरून दोराच्या शिडीने लोंबकळत याहून मोठ्या माशीचा मध काढतात. त्याला विचारलं, तू गेलायस का कधी? म्हणाला, वडील गेले. मला त्यांनी इकडे पाठवलं.

४ मार्च

मध काढून देतो म्हणून एक माणूस आला. अर्धा मध त्याचा, अर्धा माझा. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने आग्याचा मध काढण्याची जी पद्धत शिकवली, तीत वरचा मधाचा भाग तेवढा कापतात, खालचं पिल्लांचं पोळं राखतात आणि मोहोळ जगतं. त्याला ती माहीत होती का? नव्हती. तो रात्री जाळच लावणार होता. नको म्हणालो. आईला थोडं वाईट वाटलं, घरचा मध मिळाला असता.

१० ते २६ मार्च : पालखी

या पंधरा दिवसांची मला सगळ्यात जास्त धास्ती होती.

पालखी सहाणेवरून (पालखी ठेवायच्या चौथऱ्यावरून) उठली की वरच्या वाडीची घरं घ्यायला आमच्या पाखाडीने चढते. ढोल-ताशे, निशाण, शंभर-दीडशे माणसं, उदबत्त्यांचा नि गुलालाचा वास, आणि पोरं सुतळी बॉम्ब लावतातच. ढोलाचा ठोका छातीत जाणवतो, तो स्लॅबला जाणवणार नाही? वाट बदला असं देवीच्या मानकऱ्यांना सांगायचं कसं? माझे आजोबा, पणजोबा याच पाखाडीवर पायघड्या घालत आले.

१० तारखेला गावकीच्या बैठकीत गेलो. आधी एक-दोघे रागावले. "दहा रुपयांच्या पेट्रोलात मोहोळ जाळलं असतंस तर ही वेळ आली नसती." दुसऱ्याने विचारलं, पालखी वाट सोडते तर मग मान कोणाचा राहिला? मी फवारणीच्या दिवशीचं सगळं सांगितलं. तो मुलगाही बैठकीला आला होता. तो उठून म्हणाला, "माझ्या अंगावर ३४ होत्या. पालखीखाली चार खांदेकरी असतात, त्यांचे दोन्ही हात पालखीला."

यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग गुरवकाका म्हणाले, देवीला विचारू. कौल लावला. गाऱ्हाणं घातलं त्यात त्यांनी मोहोळाचाही उल्लेख केला, 'तुझ्याच रानातलं लेकरू तुझ्या वाटेवर बसलंय' असा. कौल उजवा आला, म्हणजे देवीचा होकार.

२४ला होळी. २६ला पालखी मुलांच्या नव्या वाटेने, आमच्या गोठ्यामागून चढली. ढोल खालच्या वळणावर थांबवले, वरच्या वाडीत गेल्यावर पुन्हा वाजवले. मधल्या तीनशे पावलांत फक्त पायांचा आवाज आणि म्हाताऱ्यांचं 'हर हर महादेव'. बॉम्ब कोणी लावला नाही. वाट अरुंद म्हणून खांदेकरी तिरके चालत होते. आईने गोठ्याच्या दारातच ओटी भरली. इतक्या वर्षांत देवी गोठ्यापाशी कधी आली नव्हती.

३ एप्रिल

पोळं आता चार फुटांच्या जवळ. शेजारी दुसरं, हातभर.

१४ एप्रिल

काढणी चालू. टाकीकडची २२ कलमं पहाटे साडेपाच ते साडेसात एवढ्याच वेळात, झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने), झाडावर न चढता. क्रेट आधीच वाहून ठेवलेले, पत्र्याचा आवाज नको. फवारणी न केलेल्या या झाडांवर तुडतुड्याचा चिकटा जास्त, फळावर काळे डाग जास्त. साधारण पाच पेट्यांचा फटका. फळ मात्र बऱ्यापैकी धरलंय.

कडक ऊन आहे. माश्या पाण्याला नळावर, भांडी घासायच्या दगडावर येत होत्या. गडग्यापलीकडे घमेल्यात पाणी आणि त्यात चिऱ्याचे खडे टाकून ठेवले. चार दिवसांत नळावरची गर्दी कमी झाली.

११ मे

मोठ्या पोळ्याच्या वरच्या कोपऱ्यातला मधाचा फुगवटा उतरलाय. माश्यांचा थर पातळ, आतलं मेण दिसतंय. निघायची तयारी असावी.

२३ मे

दुसरं मोहोळ सकाळी नव्हतं.

२७ मे

साडेदहाला मोठा आवाज झाला. बाहेर आलो तर टाकीवर घोंगावणारा ढग, पण अंगावर येणारा नव्हे. तो वर चढला, सड्यावरून पूर्वेला, घाटाकडे सरकला. पाचेक मिनिटांत संपलं. खाली लोंबत राहिलं नुसतं मेण, फिकट पिवळं, कडेला काळं.

आई पडवीतून पाहत होती. म्हणाली, "गेल्या का सगळ्या?" आणि मग विचारलं, "पाऊस कुठे गाठेल त्यांना?"

१ जून

शिडी लावून पोळं काढलं. मध जवळजवळ नाहीच, रिकाम्या खोल्या आणि कडेला मेणकिड्यांची जाळी. मेण वितळवून गाळलं, सव्वा किलो भरलं. थोडं आईने निरांजनाला ठेवलं, थोडं सुताराला दिलं.

आग्याच्या माश्या वर्षानुवर्षं त्याच जागी येतात, आणि जुन्या मेणाचा माग त्यांना लागतो. म्हणून स्लॅबचा तळ पत्र्याने खरवडला, तारेच्या ब्रशने घासला, चुन्याचे दोन हात दिले. टाकी धुतली, झाकण नवं केलं. उरलेला मेणाचा गोळा घेऊन सड्याच्या पलीकडच्या कडेला गेलो. तिथे एक जुनी काटेसावर आहे, आजूबाजूला वाट नाही, बाग नाही, खाली नुसता कातळ. राखणदार तिच्या दुसऱ्या फांदीपर्यंत चढला आणि फांदीच्या पोटाला मेण चोळून आला. याने काही होईल याची खात्री नाही. करून पाहायला काही लागत नाही.

नवा व्हॉल्व्ह तिथेच राहू देणार आहे. आईला जवळ पडतो.

२४ नोव्हेंबर २०२४

दोन दिवस स्लॅबखाली सहा-सात आग्या माश्या घिरट्या घालत होत्या. चुन्याला तोंड लावायच्या, मागे व्हायच्या. आज एकही नाही. संध्याकाळी काटेसावरीकडे जाऊन आलो. फांदीवर अजून काही नाही. झाडाची पानं गळायला लागलीत.

पाखाडीचे बांबू सोडलेले नाहीत, नुसते बाजूला करून ठेवलेत. मुलं मात्र अजूनही गोठ्यामागूनच जातात.